घरची बेगमी

नाशिकरोड सोडून थोडे पुढे आले की औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दिसू लागतात. तेच एकलहरे. गोदावरीच्या काठचे गाव. इथे १९७० साली विजेचा पहिला संच सुरू झाला आणि १९८१ सालापर्यंत असे पाच संच उभे राहिले. त्यांतले पहिले दोन आपले आयुष्य पुरे करून आता बंद झाले आहेत. अशा केंद्राला कोळसा लागतो, तो दुरून आगगाडीने येतो. आणि एक गोष्ट तिथला साधा कामगारसुद्धा तुम्हांला सांगेल. आवारात किती दिवसांचा कोळसा शिल्लक आहे, याचा हिशेब रोजच्या रोज ठेवावा लागतो. गाडी आज आली नाही, उद्या आली नाही, तर काय करायचे, हा विचार तिथे गाडी थांबल्यावर करीत नाहीत, आधी करतात.

हे सगळे मी मुलांना भूगोलाच्या तासाला सांगत होते. सांगता सांगता सहज विचारले, "मुलांनो, केंद्राचं झालं. आता आपल्या घराचं सांगा. दुकान बंद झालं, तर तुमच्या घरची चूल किती दिवस पेटेल?"

वर्गात शांतता. मग एक म्हणाला, "बाई, आमच्याकडे पिठाची पिशवी असते, ती सोमवारी संपते." दुसरी म्हणाली, "तेल तर रोजच आणतो, पुडीतलं." एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "आजीला विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने आजीचे उत्तर आणले. "आजी म्हणते, बाईंना सांग, आधी घरात किती दिवसांचं होतं ते विचारू नका. घरातल्या बाईला किती दिवसांचं ठाऊक होतं, ते विचारा."

आज मला बोलायचे आहे ते या उत्तराबद्दल.

मंडळी, बेगमी हा शब्द आपल्याला नवा नाही. पावसाळ्याची बेगमी, लग्नाची बेगमी, सरपणाची बेगमी. पण हल्ली रस्ता झाला, दुकान दारात आले, आणि बेगमी करणे म्हणजे जुन्या काळचे, अडाणीपणाचे काहीतरी, असे वाटू लागले. मग अधूनमधून एखादा दिवस येतो आणि आपल्याला जागे करतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिकचा माणूस पूर मोजतो; तिथे पाणी चढले की खाली आम्ही नदीकाठचे लोक रात्र जागून काढतो. पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शेतात माल उभा, पण बाजार बंद. द्राक्षाच्या बागा असलेल्या घरांतही कोथिंबिरीची जुडी मिळेना, हे तेव्हा अनेकांनी पाहिले. नगदी पीक पैसा देते, आणि पैशाला बाजार लागतो. बाजारच नसेल तर ज्याच्या परसात शेवग्याचे झाड, तो त्या दिवशीचा सावकार!

आणि ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना तर काही सांगायलाच नको. परदेशातून आलेली तांबडी मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून हाताला आलेले घट्टे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या संकटातून रोजगार हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ साली त्याचा कायदा महाराष्ट्राने केला. मी हे मुद्दाम सांगते आहे. एकेका घराने कितीही साठवले, तरी दुष्काळ घराघराने निभावत नाही. तो समाजाने आणि सरकारने मिळूनच निभवावा लागतो. पण मदत पोहोचेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस असतात ना, ते घराचे असतात. बेगमी आहे ती त्या दिवसांसाठी.

आता आजीकडे वळू.

पहिला पाऊस होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी दोन-चार मुली बरोबर घेतल्या, आणि नाल्याच्या कडेला हिरवीगार भाजी माजली होती ती ओटीभर खुडली. तांदुळजा होता, घोळ होती, कुरडू होता. सगळी बरोबर ओळखलेली. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलेली. मोठ्या अभिमानाने आजींच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

आजींनी एक काडी उचलली, चुरगाळली, वास घेतला. म्हणाल्या, "भाजी बरोबर हाय. कुठनं आणली?"

मी जागा सांगितली.

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, सगळी भाजी सुपात भरली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. शेळी धावली, तिलाही हाकलले. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी भाजी वळखली, जागा न्हाई वळखली. त्या नाल्याला साऱ्या वस्तीची घाण येती. भाजी म्हंजे चिंधी हाय, जे पाणी असंल ते पिती."

श्रोतेहो, आजींचे हे बोलणे शास्त्राला धरून आहे. पालेभाज्या जमिनीतले आणि पाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आपल्या अंगात ओढून घेतात. वरची धूळ धुतली की जाते. पानाच्या आत गेलेले मात्र धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. नाशिकसारख्या मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला आपण राहतो. नदीला शहराचे सांडपाणी मिळते. कोळशाच्या राखेतही असे धातू थोड्या प्रमाणात असतात. हमरस्त्याच्या कडेला गाड्यांचा धूर आणि धूळ बसते. द्राक्षाच्या बागेत फवारणी होते तेव्हा वाऱ्याबरोबर तुषार शेजारच्या बांधावर जातात. आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी तर दोन दिवस हिरवीच दिसते, मग पिवळी पडते. त्या दोन दिवसांत ती खुडणारा फसतो. म्हणून सांडपाण्याचा नाला, राखेची जागा, हमरस्ता, फवारलेले शेत आणि कचऱ्याचा ढीग, या पाच ठिकाणची भाजी कितीही कोवळी असली तरी खुडायची नाही. भुकेच्या दिवसांतसुद्धा नाही.

मग खायचे काय आणि कुठले? आपल्या स्वतःच्या रानातले, जिथे काय मारले आणि काय नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पावसाच्या सुरुवातीला टाकळा उगवतो. त्याची पाने अगदी कोवळी असतानाच घ्यावीत, पुढे ती उग्र लागतात. कुरडू फुलावर येण्यापूर्वी खुडावा. तांदुळजा आणि काटेमाठ यांचे शेंडे घ्यावेत. काटेमाठ खुडताना बोटे सांभाळावीत. केन्याच्या पानांची भजी होतात, भाजीही होते. घोळ आंबूस, पातळ भाजीला चांगली. पण ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती बेताने खावी. पाथरी तर शेतात भाकरीबरोबर कच्चीच खाण्याची रीत. उन्हाळ्यात पाण्याच्या वळणाला चिवळ मिळते. करटोलीचा वेल कुंपणावर चढतो. अंबाडी, हादग्याची फुले, शेवग्याचा पाला, फूल, शेंग, हे तर आपल्या ओळखीचेच. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात गेलात तर ही यादी कितीतरी लांबते. तिथल्या बायांना जे ठाऊक आहे त्याचा चौथा हिस्साही आपल्या पठारावरच्या गावांना माहीत नाही.

पण इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. रानातले सगळे खाण्याचे नसते, आणि खाण्याचे असते तेही कसेही खाण्याचे नसते. शेवळाची भाजी काकडाच्या फळांशिवाय किंवा चिंचेशिवाय केली तर घशाला खाज सुटते. कडू कंद चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. त्यातली एक पायरी चुकली तर माणूस आजारी पडतो. धोतऱ्याचे कोवळे रोप भाजीच्या जुडीत नकळत येते. त्याची पाने, बिया, सगळेच विषारी. म्हणून नियम सोपा ठेवा. ओळख, वय आणि जागा, ही तिन्ही पक्की असतील तरच भाजी घरात येईल. एकाही बाबतीत शंका आली तर टाकून द्या. नवी भाजी पहिल्यांदा खाताना जाणत्या माणसाच्या देखत, थोडीच खा. पुस्तकातल्या चित्रावर आणि मोबाइलमधल्या फोटोवर जीव टाकू नका.

आणि नुसत्या पाल्यावर पोट भरत नाही, हेही कबूल केले पाहिजे. पालेभाजीने रक्त सुधारते, भाकरी घशाखाली उतरते, पण राबणाऱ्या माणसाला बळ येते ते धान्याने आणि डाळीने. शिवाय एकाच वस्तूवर दिवस काढणे धोक्याचे. मध्य भारतात जुन्या दुष्काळांत लोक महिनोन्‌महिने लाखीच्या डाळीवर राहिले आणि कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. म्हणून थोडे थोडे, पण अनेक प्रकारचे, हे धोरण बरे.

आजींना मी शेवटी विचारले, "मग बांधावरची भाजी खायचीच नाही का?"

त्या म्हणाल्या, "बांधावर ऱ्हायली न्हाई तर दारात आणा की."

मंडळी, ही आजच्या भाषणातली कामाची गोष्ट. जी भाजी रानात आपोआप उगवते, ती दारात लावायला काहीच कष्ट नाहीत. स्वच्छ रानात कुरडू, तांदुळजा, अंबाडी यांची दोन-दोन झाडे काढून न टाकता बियांवर येऊ द्या. बी झाडून घ्या, आणि पुढच्या मृगात दारातल्या चार हात जागेत विखरून टाका. एकदा बी पडले की पुढच्या वर्षी ते आपणच उगवते. शेवग्याची मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की झाले. करटोलीचा कंद लावाल तर नर आणि मादी दोन्ही वेल हवेत; एकट्या मादीला फळ धरत नाही, एकट्या नराला तर नाहीच नाही. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी या वाफ्याला घाला. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नका. त्यासाठी वेगळा खड्डा करा.

बियाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान वाल, घेवडे, भात, भाजीपाला यांचे बियाणे त्यांनी घरात जपले, इतर बायांना वाटले, आणि त्या कामात बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांच्या घरातली मडकी आणि गाडगी ही देशाची संपत्ती ठरली. आपल्या आजीच्या उतरंडीत काय आहे, ते आपण कधी उघडून तरी पाहिले आहे का?

आता साठवणीचा हिशेब करू. पाच माणसांचे घर धरा. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य लागते. म्हणजे घराला रोज २ किलो, पंधरा दिवसांना ३० किलो. त्याबरोबर ५ किलो डाळी-कडधान्य, अडीच लिटर तेल, २ किलो गूळ, २ किलो शेंगदाणे आणि १ किलो मीठ. एवढे एकदम आणायला पैसे लागतील, ते प्रत्येकाकडे नसतात. तर दर बाजाराला एकेक किलो जास्त आणा. हळूहळू साठा उभा राहील. आणि तो देवासारखा पुजून ठेवू नका. जुने खात जा, नवे भरत जा. नागली वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड सहसा लागत नाही. बाजरीचे पीठ मात्र लवकर कडू होते, म्हणून बाजरी दाण्यातच ठेवा. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्‌कन फुटले पाहिजे. पण गरम गरम भरू नका, गार झाल्यावर भरा. वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. बियाण्याला चुलीतली लाकडाची राख चालते. वीज केंद्राची नव्हे, ती निराळी. आणि कीड मारायच्या विषारी गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेली माणसे मारतो.

इथे आमच्या विजेच्या गावाची एक गंमत ऐका. एका घरात कणगीभर बाजरी होती. रात्री वादळ झाले, तारा तुटल्या, दोन दिवस चक्की बंद. धान्य घरात आणि भाकरी नाही! वीज केंद्राच्या धुराड्याखाली आम्ही घुगऱ्या उकडून खाल्ल्या. त्या दिवसापासून जाते ओट्याखालून बाहेर निघाले. जाते नसेल तर निदान अशा वस्तू ठेवा ज्या दळाव्या लागत नाहीत: तांदूळ, मूग, मटकी, पोहे, भरडा. उन्हाळ्यातले सांडगे, पापड, काचऱ्या आणि वाळवलेली गवार यांना हसू नका. पुराच्या दिवसांत तीच आपली भाजी. एक लोखंडी चूल आणि कोपऱ्यात झाकलेले कोरडे सरपण असू द्या.

आणि पाणी! पुरात सगळीकडे पाणी असते आणि पिण्याला थेंब नसतो. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ५ लिटर धरले तर पाच माणसांना तीन दिवसांचे ७५ लिटर होते. पाऊस वाढला की झाकणाची भांडी आधीच भरून ठेवा. तुरटीने गढूळ पाणी निवळते, पण त्यातले रोगजंतू मरत नाहीत. म्हणून निवळलेले पाणी गाळून खळखळा उकळलेच पाहिजे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावातली आजी ही एक पेटी आहे, आणि तिची किल्ली हरवत चालली आहे. यंदा प्रत्येक मुलाला एक वही घालू द्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका भाजीचे एक पान लिहायचे: नाव काय, कधी येते, कोणता भाग खातात, कशी शिजवतात, कशाशी घोटाळा होतो, आणि आपल्या गावात ती कोणत्या जागी खुडावी व कोणत्या जागी खुडू नये. शेवटचा प्रश्न विसरू नका, तो कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मुलांनी चाखून पाहायचे नाही, फक्त पाहायचे, विचारायचे आणि लिहायचे. वर्षाअखेर त्या पानांची एक वही बांधा आणि शाळेत ठेवा. शाळेच्या कुंपणाशी एक वाफा करा. त्या वाफ्याचे बी दरवर्षी मुलांच्या हातून घरोघर जाऊ द्या.

ज्या मुलीने आजीचे उत्तर आणले होते, तिनेच आमच्या वहीचे पहिले पान लिहिले. कुरडूचे. आजींना अक्षरओळख नव्हती, म्हणून तिने ते त्यांना वाचून दाखवले. आजी ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवले. म्हणाल्या, "नाल्याचं लिवलंस का?" मुलगी म्हणाली, "लिहिलं." "मग ठीक," म्हणून त्या उठल्या.

आजी आता नाहीत. पान आहे. शाळेच्या कुंपणाशी कुरडू दरवर्षी आपणहून उगवतो.

श्रोतेहो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एकमेकांना हा प्रश्न विचारा: आपल्या घरी किती दिवसांचे आहे? आणि त्यातले किती आपल्याला ठाऊक आहे? उत्तर कमी आले तरी लाजू नका. उद्याच्या बाजारी एक किलो जास्त आणा, आणि घरातल्या म्हातारीजवळ थोडा वेळ बसा.